खासगीतली फी माफ झाली, मग सरकारी जागा का घ्यायची?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर दिलं असं व्हायला नको. चोपडा तालुक्यात तुमची केळी आणि थोडा कापूस. मुलगी ओबीसीत, दाखल्यावरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. नीटचे गुण बघता नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळेल असं वाटतंय, आणि खानदेशातल्याच एका खासगी महाविद्यालयातही राज्य कोट्यातून मिळू शकते. भाऊबंद सांगतात, "आता मुलींची फी माफ आहे, खासगीत सरकारी सेवेच्या बाँडची कटकट नाही, पोरीला नंदुरबारला कशाला धाडता?" मुलगी म्हणते, शिकून मला याच भागात बसायचंय. आणि शेवटी तुम्ही जरा चिडून विचारलंत की सरकार डॉक्टर घडवायला एवढा पैसा ओततं, तर आमच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, कुलूप का असतं.

मी पीएसएमचा माणूस, म्हणजे हल्ली ज्याला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात त्या, समाजाच्या आरोग्याच्या विषयाचा. नोकरीचा मोठा भाग खानदेशात, महाविद्यालयाच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात इंटर्न, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष काम करणाऱ्या पोरांबरोबर गेला. त्यामुळे फीच्या खिडकीपासून उपकेंद्राच्या ओट्यापर्यंत हा पैसा कुठे पोचतो आणि कुठे अडतो, हे जवळून बघितलंय.

माझा कौल सरकारी जागेला आहे. पण फीमुळे नाही, आणि बाँड असूनही. कारण सांगतो, आणि कुठल्या परिस्थितीत हा कौल उलटा फिरू शकतो तेही सांगतो.

आधी फी. पूर्वी याचा विचारच करावा लागत नसे. सरकारीत वर्षाला लाख-दीड लाख, खासगीत आठ-दहा लाख आणि काही ठिकाणी त्याच्याही वर. ओबीसी मुलीला निम्मी फी शासन द्यायचं, पण उरलेली निम्मी भरता भरता शेत गहाण पडायचं. सरकारी मिळालं तर ठीक, नाहीतर बीएएमएस किंवा पुन्हा नीट, असा सरळ मामला होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तो बदलला. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. २०२४-२५ पासून हे लागू आहे, तेव्हा आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही मिळालं. याच प्रवर्गातल्या मुलांना मात्र निम्मंच. (तुमच्या धाकट्या मुलाचं तुम्ही लिहिलंयत, त्याच्यासाठी हे लक्षात असू द्या. त्याच्या वेळी हिशेब वेगळा असेल.)

पण "फी माफ" म्हणताना लोक तीन गोष्टी गाळतात. प्रवेश राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला एक रुपया मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठं योजनेच्या बाहेर आहेत, आणि जाहिरातीत ती वेगळी ओळखू येत नाहीत, म्हणून विचारून घ्या. तिसरं म्हणजे माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृह, मेस, अनामत, गणवेश, ग्रंथालय आणि पावतीवरचा "इतर" नावाचा तो रकाना तुमच्याच खिशातून जातो. खासगीत हे सगळं मिळून वर्षाला लाखाच्या पुढे सहज जातं. सरकारी वसतिगृहाचं भाडं त्यामानाने नगण्य असतं, खोली कशीही असली तरी.

खिडकीवर काय होतं तेही ऐकून ठेवा. लाभार्थी मुलीकडून ही फी आधी घेऊ नये, असं शासनाने महाविद्यालयांना सांगितलेलं आहे. तरी एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या मुलीला कारकुनाने सांगितलं, "आत्ता भरा, शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून पैसे आले की परत देऊ, नाहीतर जागा जाईल." बाप घामाघूम, प्रवेशाचा शेवटचा दिवस, बँक चारला बंद. अशा वेळी भांडू नका. अर्ज लिहून द्या की मुलगी योजनेची लाभार्थी आहे, शिक्षण शुल्क मागितलं जात असेल तर तसं लेखी द्यावं. लेखी द्यायची वेळ आली की आवाज बराच खाली येतो. त्या अर्जाची पोच घ्या. आणि जायच्या आधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाची त्या वर्षाची मंजूर फी बघून तिची छापील प्रत खिशात ठेवा. २०१५ च्या कायद्यानुसार खासगी महाविद्यालयाला त्या आकड्यापलीकडे फी लावता येत नाही.

कागदांमध्ये शेतकरी कुटुंबाची एक नेहमीची गफलत होते. नॉन-क्रिमीलेयर दाखला (ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचा) असला की उत्पन्नाचं काम झालं असं लोक धरतात. तसं नाही. नॉन-क्रिमीलेयर ठरवताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. फीमाफीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात शेतीचं उत्पन्न येतं. म्हणजे एखाद्याकडे नॉन-क्रिमीलेयर असूनही तो ८ लाखांच्या वर जाऊ शकतो. केळीला चांगला भाव मिळालेल्या वर्षी रावेर-यावलकडच्या काही घरांचं असं होतं. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, दरवर्षी नवा काढा. आणि जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, हातात नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिच्या मागे लागा. खानदेशात किती पोरांच्या जागा या एका कागदापायी गेल्यात, विशेषतः आदिवासी दाखल्यांच्या बाबतीत, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता बाँड. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासनाची सेवा करायची, नाहीतर १० लाख रुपये दंड, अशी महाराष्ट्रातली पद्धत चालत आली आहे. गावात याची भीती उगाच मोठी झाली आहे. हे वर्ष फुकटचं नसतं. वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार मिळतो. आणि ज्या मुलीला याच भागात बसायचंय तिला सरकारी पगारावर वर्षभर पीएचसी चालवायला मिळणं ही शिक्षा कशी? ज्याला थेट पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या) तयारीला बसायचं असतं त्याला हे वर्ष डाचतं. तुमच्या मुलीचं ध्येय खरंच ती म्हणते तेच असेल, तर हा मुद्दा सरकारीच्या बाजूने मोजा.

दंड भरून सुटता येतं का, सेवा पीजीच्या आधी करायची की नंतर चालते, हे नियम वेळोवेळी बदलत आलेत. चुलतभावाच्या मुलाने २०१६ मध्ये काय केलं हे तुमच्या कामाचं नाही. मुलीच्या प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका आणि ज्यावर तुम्ही दोघं सह्या कराल तो बंधपत्राचा कागद, एवढंच ग्राह्य धरा. खासगीत बाँड नाही, हेही तसंच गृहीत धरू नका. शासन जिथे विद्यार्थ्याची फी भरतं तिथे सेवेची अट घालण्याचा विचार नवा नाही, आणि तो अन्याय्य आहे असंही मला वाटत नाही. जनतेच्या पैशातून वर्षाला आठ-दहा लाख एका विद्यार्थिनीसाठी खासगी संस्थेला जात असतील तर जनतेने वर्षभर डॉक्टर मागावी यात वावगं काय? तेव्हा खासगीचा प्रवेश घेतानाही कागदात "सामाजिक दायित्व सेवा" हे शब्द आहेत का, ते शोधा.

इथपर्यंत आल्यावर तुमच्या लक्षात येईल की फी दोन्हीकडे जवळपास सुटली, बाँड तुमच्या मुलीला नडणारा नाही, खर्चात सरकारी थोडं स्वस्त. मग उरतो तो खरा प्रश्न. मुलगी पेशंट कुठे बघेल?

माझ्या मते फीमाफीने झालेला सगळ्यात चांगला बदल हाच आहे की तुमच्यासारख्या बापाला पहिल्यांदा हा प्रश्न विचारायची सोय झाली. डॉक्टर वर्गात घडत नाही, वॉर्डात घडते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचं रुग्णालय हवं, १५० जागांना ६०५, आणि त्यातल्या ८० टक्के खाटा भरलेल्या हव्यात. कागदावर त्या सगळीकडे भरलेल्याच असतात. प्रत्यक्षात काही खासगी रुग्णालयांत तपासणीच्या आठवड्यात वॉर्ड गजबजतात आणि नंतर पंखे रिकाम्या खाटांवर फिरत राहतात. उलट सरकारीत एका खाटेवर दोन बाळंतिणी, जमिनीवर गाद्या. पेशंटसाठी ते वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण तिथली इंटर्न पहिल्या महिन्यात जेवढ्या प्रसूती बघते तेवढ्या रिकाम्या रुग्णालयातली वर्षात बघत नाही.

आता सरकारीची दुसरी बाजू, कारण मला तुम्हाला काही विकायचं नाही. नंदुरबारचं महाविद्यालय नवं आहे, २०२० मध्ये १०० जागांनी सुरू झालं. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय १९८९ चं, जळगावचं शासकीय २०१८ चं. नव्या महाविद्यालयात प्राध्यापकांची पदं रिकामी असणं ही सर्वत्रची रड आहे आणि नंदुरबारसारख्या ठिकाणी तर अनुभवी माणूस बिऱ्हाड करायलाच तयार नसतो. शरीररचना, शरीरक्रिया हे पहिल्या वर्षाचे विषय कोण शिकवतं, शल्यचिकित्सेत पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे विचारा. खासगीत पहिल्या वर्षाची शिकवणी बऱ्याचदा जास्त नेटकी असते, हे मान्य करायला हवं. म्हणून म्हटलं, कौल उलटा फिरू शकतो. खासगी रुग्णालय खरोखर भरलेलं असेल, आणि खानदेशात तशीही आहेत, तर तिथे पाठवायला माझी हरकत नाही.

हे कळायचं कसं? सोमवारी सकाळी दहा-अकराला जा. आधी सांगून जाऊ नका. ओपीडीत केसपेपरची रांग बघा. औषधवैद्यक आणि स्त्रीरोग या दोन वॉर्डांतून पेशंटचे नातेवाईक असल्यासारखे एक चक्कर मारा. मग कॅन्टीनमध्ये इंटर्न पोरांना गाठा. त्यांना तीनच गोष्टी विचारा: स्वतः किती टाके घातलेत, किती प्रसूती केल्यात, आणि विद्यावेतन दर महिन्याला खात्यात येतं का. कार्यालयात विचाराल तर तिन्हींची उत्तरं छान मिळतील, म्हणून कार्यालयात विचारू नका. खासगीत विद्यावेतनाची रड देशभर आहे. कबूल केलेली रक्कम आणि खात्यात जमा होणारी रक्कम यांत फरक असतो, आणि एकदा खात्यात आलेले पैसे परत मागितल्याच्याही तक्रारी झाल्यात.

आता तुमचा चिडका प्रश्न, पीएचसीला कुलूप का. त्याचं उत्तर पैसा कुठे पडतो यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१४ पासून केंद्राने जिल्हा रुग्णालयांना जोडून नवी वैद्यकीय महाविद्यालयं काढायची योजना चालवली. खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. तीन टप्प्यांत देशभर १५७ महाविद्यालयं मंजूर झाली. एका महाविद्यालयाचा अंदाजित खर्च पहिल्या टप्प्यात १८९ कोटी होता, तिसऱ्यात ३२५ कोटींवर गेला. नंदुरबार त्याच योजनेतलं. मग २४ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने असलेल्या सरकारी महाविद्यालयांत आणखी ५,००० पीजी आणि ५,०२३ एमबीबीएस जागा वाढवायला मंजुरी दिली, एका जागेमागे दीड कोटी रुपयांपर्यंत, २०२८-२९ पर्यंत. म्हणजे एक पैसा इमारतीत आणि जागेत जातो. दुसरा पैसा, जो वर सांगितला, तो विद्यार्थ्याच्या नावाने येतो आणि महाविद्यालयाच्या खात्यात पडतो. दोन्ही आधीपेक्षा वाढलेत आणि ते चांगलंच आहे. पण खेड्यात काम करणारी डॉक्टर खेड्यात शिकावी लागते, आणि त्या शिकण्यासाठी वेगळा पैसा जवळजवळ कोणीच ठेवलेला नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर विहीर खोदली, मेन लाइन टाकली, पण शेवटच्या ओळीला ड्रीपरच बसवले नाहीत.

हे हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. शिरपूरच्या वरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पीएचसी. आई आठ-नऊ वर्षांचा मुलगा घेऊन आलेली. ताप, सांधे दुखतात, डोळे पिवळट, अंग पांढरं. याआधी त्याला दोनदा रक्तवाढीच्या गोळ्या देऊन पाठवलेलं. माझी इंटर्न शहरातली, हुशार, पण आईशी काय बोलावं कळेना. तिथल्या सिस्टरनेच "काय व्हयनं, माय?" म्हणत निम्मी हिस्ट्री काढून दिली, बाकीची आशाताईने पावरी बोलीतून. इंटर्न पुन्हा लोहाच्या गोळ्याच लिहायला लागली तेव्हा तिथले वैद्यकीय अधिकारी म्हणाले, "सिकलसेल, त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी, केलंय का?" बोटातून थेंबभर रक्त घेतलं, सोल्युबिलिटीच्या द्रावणात टाकलं, थोडा वेळ थांबून नळीमागे रेघांचा कागद धरला. रेघा दिसेनात. द्रावण गढूळ, म्हणजे सिकलसेलचा संशय. "आता हे खालच्या रुग्णालयात इलेक्ट्रोफोरेसिसला जाईल, तिथे पक्कं होईल. आणि याच्या भावंडांनाही बोलाव." त्या अर्ध्या तासात ती जे शिकली ते आमच्या लेक्चर हॉलमध्ये स्लाइडवर कित्येकदा दाखवून झालेलं होतं.

त्या वैद्यकीय अधिकाऱ्याला या शिकवण्याचा मोबदला किती? काहीच नाही. बाहेर ओपीडीची रांग वाढलेली, महिनाअखेरचा अहवाल बाकी, त्यात आमची पाच पोरं बाकावर बसलेली. तो चांगला माणूस होता म्हणून शिकवत होता. पोरांना तिथे पोचवणाऱ्या गाडीच्या डिझेलचं बिल महिनोन् महिने रखडायचं, राहायच्या क्वार्टरला पाणी नसायचं, त्यामुळे मुली संध्याकाळी परत यायच्या आणि खेड्याची रात्र काय असते हे त्यांना कधीच कळायचं नाही. पीएचसीत खरा कस रात्रीच लागतो.

ही कल्पना कोणाला सुचली नव्हती असंही नाही. १९७७ मध्ये केंद्राने "रोम" नावाची योजना आणली होती, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं दत्तक घ्यायची, फिरत्या दवाखान्याच्या गाड्या मिळायच्या. गाड्या आल्या. पुढे त्या कोणत्या आवारात गंजल्या हे जुन्या प्राध्यापकांना विचारा. आता इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनला बारा आठवडे आहेत, आणि नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक घ्यायचा कार्यक्रम आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांना २०२१ च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात; विद्यावेतन मूळ महाविद्यालय देतं. ही सगळी पावलं बरोबर दिशेची. कमी पडतं ते त्यामागचं पाकीट: शिकवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मानधन, राहायची सोय, गाडी. एका महाविद्यालयाच्या खर्चात ही रक्कम कुठे दिसणारही नाही, इतकी छोटी आहे.

त्यात २०२० मध्ये ७०:३० चा विभागीय कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना ठेवायची पद्धत, रद्द झाला. लातूर-नागपूरकडची मुलं नंदुरबारला येतात, शिकतात आणि जातात. त्यांना दोष नाही, आपल्या गावाकडे जावंसं कोणाला वाटत नाही? पण इकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं भरारी पथकाचे (पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्य पथकाचे) बीएएमएस डॉक्टर मानधनावर पाय तुडवत राहिले आणि एमबीबीएसची पदं बाँडवाल्यांच्या एकेका वर्षावर चालली. म्हणून तुमच्यासारख्या घरातल्या, अहिराणी कळणाऱ्या मुलीने इथे शिकणं मला महत्त्वाचं वाटतं. सरकारने उद्या पाकीट दिलं तरी ते खर्च करायला इथली माणसं लागतीलच.

पैशाच्या उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. मुलीला वसतिगृह मिळालं नाही तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिची उत्पन्नमर्यादा ८ लाखांच्या बरीच खाली आहे, तेव्हा त्यावर विसंबू नका. कर्ज काढायची वेळ आलीच तर साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये; केंद्राची हमी योजना त्यासाठीच आहे. शाखा व्यवस्थापक सातबारा मागेल, तेव्हा हे नम्रपणे सांगा. नोव्हेंबर २०२४ मधल्या पीएम-विद्यालक्ष्मीचं नाव तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती क्रमवारीत वर असलेल्या ठराविक संस्थांपुरती आहे, आणि तिचं ३ टक्के व्याजसवलतीचं कलम आधीच शासनाच्या शिष्यवृत्तीचा किंवा फीमाफीचा लाभ घेणाऱ्याला लागू होत नाही. फीमाफी मिळणार असेल तर तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

आणि एमबीबीएसनंतरचं, कारण मुलीला इथे बसायचंय म्हणालात. नुसत्या एमबीबीएसवर तालुक्याला आजही चालतं, पण पेशंट आता विचारतो, "स्पेशालिस्ट कशाची?" २०२० पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविका सुरू झाल्यात, फॅमिली मेडिसिन, भूल, स्त्रीरोग, बालरोग यांसह आठ विषय. त्या जिल्हा रुग्णालयात करता येतात आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. ग्रामीण भागात बसणाऱ्याला मी तीन वर्षांच्या एमडीपेक्षा हा रस्ता आधी सुचवतो. चोपड्यासारख्या ठिकाणी सिझेरियन अडतं ते बऱ्याचदा भूल द्यायला माणूस नाही म्हणून. २०२५ च्या नव्या नियमांनी २२० खाटांच्या वरच्या सरकारी रुग्णालयांतल्या अनुभवी तज्ज्ञांना शिक्षक म्हणून मान्यता मिळायची वाट मोकळी केली आहे, त्यामुळे पीजीच्या जागा आपल्याकडे वाढायला वाव आहे. दुसरी वाट शासकीय सेवेत कायम होऊन पीजीच्या सेवांतर्गत (सेवेतल्या डॉक्टरांसाठी राखीव) कोट्याची; राज्यात २०२२ पासून तो २० टक्के आहे. बाँडचं एक वर्ष आणि ही नियमित सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

तेव्हा करायचं असं. पसंतीक्रम भरायच्या आधीच्या सोमवारी मुलीला घेऊन दोन्ही रुग्णालयं बघा; बापाने एकट्याने बघून उपयोग नाही, तिला तिथे साडेपाच वर्षं काढायचीत. खासगी वॉर्ड भरलेले आढळले नाहीत तर धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही शासकीय जागा यादीत वर टाका, गुणांनी कुठलीही लागो, आणि खासगी त्यांच्या खाली. पहिल्या फेरीत खासगी लागलं तर प्रवेश घ्या, पण स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म घाईने भरून देऊ नका. तो भरला की पुढच्या फेरीत सरकारी जागा रिकामी झाली तरी तुमचं नाव त्यात येणार नाही. कारकून तो फॉर्म प्रवेशाच्या कागदांबरोबरच पुढे सरकवतो. वाचल्याशिवाय सही करू नका.